मळखाऊ रंगाची बाजू

लोकर घ्यायला गेलं की हात आधी कुठे जाणार हे ठरलेलं असतं. राणी, मोरपंखी, हळदी, डाळिंबी. एकेक गुंडा बघावा तर नजर हटत नाही, आणि असे पाच-सहा एकत्र हातात घेतले की वाटतं, झालं, आता नुसतं विणायचं राहिलं. प्रत्यक्षात विणायला बसावं तर थोड्याच दिवसांत त्या सगळ्या देखण्या रंगांची आपसांत अशी काही जुंपते की बघावं कुठे तेच कळेनासं होतं. प्रत्येकाला पुढे यायचं असतं, मागे राहायला कुणीच तयार नसतं. मग कुठल्या तरी जुन्या कामातून उरलेला, करडा म्हणावा की मातकट म्हणावा अशा रंगाचा गुंडा बाहेर काढायचा, त्याच्या दोन ओळी मध्ये घालायच्या आणि गंमत बघायची. राणी पुन्हा राणी दिसायला लागतो, मोरपंखी उठून येतो, आणि हळदीचा भपका एकदम कमी होतो.

म्हणून माझा एक हट्ट असतो. क्रोशेच्या ब्लँकेटसाठी लोकर घेताना त्यात निदान एक रंग मला मुळीच न आवडणारा हवा. ‘हा कुणी घेत तरी असेल का?’ असं ज्याच्याकडे बघून वाटतं, तो. गाण्यात तंबोऱ्याचं जे काम, ते ब्लँकेटमध्ये या मळखाऊ रंगाचं. त्याच्याकडे कुणी मुद्दाम कान देत नाही, पण तो थांबला की सगळ्यांचं बिनसतं. हे मला पटलेलं आहे, पाठ आहे, आणि तरीही दुकानाच्या फडताळासमोर उभं राहिलं की दर वेळी स्वतःला बजावावं लागतं.

यामागचं कारण एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने फार पूर्वी शोधून ठेवलं आहे, आणि तेसुद्धा लोकरीच्याच भानगडीत. मिशेल यूजीन शेव्रल हा १८२४ साली पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. भिंतीवर टांगायची मोठमोठी विणलेली चित्रं ही या कारखान्याची ख्याती. शेव्रल आला तेव्हा तिथे तक्रारी होत्या. त्यातली एक मोठी मजेशीर: म्हणे आपली काळी लोकर हवी तशी काळी नाही. निळ्या-जांभळ्या कापडाच्या चुण्या दाखवताना सावलीसाठी ती वापरली की फिकी, मरगळलेली दिसते. आता रंगाई विभागाचा प्रमुख अशा वेळी काय करेल? हौदातलं पाणी तपासेल, रंग बदलेल, रंगाऱ्याला फैलावर घेईल. शेव्रलने इतर नावाजलेल्या ठिकाणची काळी लोकर मागवून आपल्या लोकरीशी ताडून पाहिली. फरक काहीच नव्हता. काळा रंग चोख होता, त्याला खाली ओढत होते ते शेजारचे निळे-जांभळे.

त्याने त्याचा पिच्छा पुरवला आणि १८३९ मध्ये या विषयावर एक जाडजूड ग्रंथ छापला. त्याचं सार विणणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर असं: प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला स्वतःच्या विरुद्ध दिशेला ढकलतो. रंगचक्रात लालाच्या समोर हिरवा, निळ्याच्या समोर नारिंगी, जांभळ्याच्या समोर पिवळा. लाल शेजारी असेल तर राखाडी हिरवट दिसतो, तोच राखाडी हिरव्याजवळ ठेवला तर किंचित गुलाबी झाक मारतो. निळ्याजवळचा काळा नारिंगीकडे, म्हणजे गंजल्यासारखा दिसतो, जांभळ्याजवळचा पिवळटतो, आणि काळ्याचं काळेपण त्यातच जातं. गडद-फिक्याचंही तेच. गडदाशेजारी फिका आणखी फिका, फिक्याशेजारी गडद आणखी गडद. हा सगळा उद्योग आपले डोळे करत असतात, लोकर जागची हलत नाही. शेव्रल १८८९ मध्ये गेला तेव्हा १०२ वर्षांचा होता. एवढं आयुष्य मिळालं तरी रंगांचं पुरतं कोडं उलगडलं असं त्याला वाटलं असेल का, कोण जाणे.

हे वाचून पटत नाही, विणून पटतं. एकच राखाडी गुंडा घ्या. त्याच्या दोन फेऱ्यांचे दोन छोटे चौकोन विणा. एकाभोवती विटकरी लालाच्या दोन फेऱ्या, दुसऱ्याभोवती गडद हिरव्याच्या दोन फेऱ्या. शेजारी ठेवून कुणालाही दाखवा आणि विचारा, मधली लोकर एकच आहे का. मी हा खेळ ज्यांच्याशी खेळले त्यांतल्या बहुतेकांनी चौकोन उचलून, मधला भाग बोटांनी चिमटीत धरून, पुन्हा पुन्हा बघितला. धागा बाहेर काढून दाखवल्याशिवाय विश्वास बसत नाही. आणि दाखवल्यावरही चौकोन खाली ठेवला की पुन्हा वेगळाच दिसतो! ठाऊक असून डोळे ऐकत नाहीत, ही यातली खरी मौज आहे.

मग साहजिकच प्रश्न येतो, की रंग दुकानात निवडायचे तरी कसे. एकेका गुंड्याकडे बघून तर नाहीच. मी जरा बाजूला जाऊन गुंडे एकमेकांना चिकटवून ठेवते आणि त्यांची ठिकाणं बदलत राहते. दुकानदार वैतागतात, पण इलाज नाही. त्यातही अडचण अशी की गुंडा हा मोठा, गोल, एकसंध रंगाचा ठोकळा असतो, ब्लँकेटमध्ये मात्र तो पातळ ओळी किंवा छोटे तुकडे होऊन येणार असतो. म्हणून जमलं तर प्रत्येक गुंड्याचं टोक बाहेर काढून तीन-चार टोकांना एकत्र पीळ द्यावा, किंवा जुन्या पोस्टकार्डाच्या तुकड्यावर गुंडाळून बघावं. ज्या प्रमाणात रंग वापरायचे त्याच प्रमाणात वेढे. राणीचे दोन वेढे, करड्याचे आठ. चित्र एकदम पालटतं. चार समान वेढ्यांत जो राणी अंगावर येत होता, तो आठ करड्या वेढ्यांच्या शेजारी दोनच राहिला की हवाहवासा वाटतो. प्रमाण हा रंगनिवडीतला निम्म्याहून मोठा भाग आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ‘कोणते रंग घेतलेस?’ असं सगळे विचारतात, ‘किती किती घेतलेस?’ असं कुणी नाही.

माझी मावशी विणते तेव्हा रंगांच्या नावांशी तिला काही कर्तव्य नसतं. एकदा मी सगळे चौकोन जमिनीवर मांडले होते, तासभर हलवाहलव चालली होती. तिला हाक मारली.

“मावशी, हा जांभळा इथे बरा दिसतोय ना गं?”

“चष्मा काढून बघ.”

“मला काढला की काही दिसत नाही.”

“तेच तर. जे दिसतं तेवढंच बघ.”

काढला. जमिनीवर रंग असे राहिलेच नाहीत, नुसते उजेडाचे आणि अंधाराचे डाग उरले. आणि त्यात उजव्या कोपऱ्यात एक भलामोठा काळोखा ढीग झालेला. जांभळा, मोरपंखी, गडद डाळिंबी, तिघं शेजारी शेजारी. रंग तीन वेगळे, पण गडदपणा एकच, त्यामुळे लांबून ते एकमेकांत बुडून गेले होते. ज्यांना चष्मा नाही त्यांनी डोळे बारीक करून बघावं. नाहीतर मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करावा, काम तेच. नक्षी दिसते ती गडद-फिक्याच्या फरकावर, रंगाच्या नावावर नाही. लाल आणि हिरव्याचा नागमोडी पट्टा विणावा म्हणून हौसेने दोन सुंदर गुंडे आणावेत आणि कृष्णधवल फोटोत दोघंही एकाच राखाडीचे निघावेत, म्हणजे नागमोड असून नसल्यासारखी. पिवळ्याचं मात्र असं कधी होत नाही. तो कितीही चोख, कितीही भरलेला असला तरी फिक्याच बाजूला राहतो, म्हणून काळोख्या कोपऱ्यात आधी तोच कामाला येतो. आणि इथेही आमच्या मळखाऊ गड्याचा फायदा आहे. तो फिका करडा, मध्यम करडा, गडद करडा अशा हव्या त्या पायरीवर मिळतो आणि त्यासाठी कुठल्याही रंगाशी वैर घ्यावं लागत नाही.

उजेडाचंही तसंच आहे. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली दोन लोकरी एकच वाटतात आणि दारात, उन्हात नेल्या की एक निळसर, एक हिरवट. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी आलेला ‘एकच’ रंग एका दिव्याखाली जुळतो आणि दुसऱ्याखाली फुटतो, हे रंगाऱ्यांचं जुनं दुखणं. त्यामुळे गुंडा हातात घेऊन दारापर्यंत जायला लाजू नये. संध्याकाळची गोष्ट तर आणखी वेगळी. यान पुर्किन्ये नावाच्या चेक शरीरशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये लिहून ठेवलं, की उजेड मावळायला लागला की लाल रंग आधी विझतात आणि निळे-हिरवे मागे उजळ राहतात. अंधूक उजेडात डोळ्याच्या वेगळ्या पेशी काम करू लागतात आणि त्यांना लालाचं जवळजवळ काहीच कळत नाही. म्हणजे ब्लँकेट ज्या वेळी पायांवर ओढलं जातं, दिवा लावायच्या आधीच्या त्या वेळी, भर उन्हात निवडलेला डाळिंबी काळा पडलेला असतो आणि साधा आकाशी भाव खाऊन जातो. झोपायच्या खोलीसाठीचं ब्लँकेट असेल तर हे ध्यानात ठेवावं. मी ठेवते. कधी कधी तरीही डाळिंबीच घेते.

आता क्रोशेचा स्वतःचा स्वभाव. दोन सुयांच्या विणकामात सुईवर शे-दीडशे टाके जिवंत असतात, क्रोशेत एका वेळी बहुधा एकच फास. तो एक फास सांभाळला की धागा कुठेही सोडा, कुठेही दुसरा घ्या. रंग बदलण्याची एवढी मोकळीक विणकामाच्या फार थोड्या प्रकारांत आहे. पण रंग बदलायचा म्हणजे नवी ओळ नव्या रंगाने सुरू करायची, इतकं सोपं नाही. खांब, म्हणजे क्रोशेचा उभा टाका, पुरा करून मग नवा धागा घेतला तर पुढच्या खांबाच्या डोक्यावर जुन्या रंगाचा एक ठिपका राहतो. कारण सुईवर जो फास उरतो, तोच पुढच्या खांबाचं डोकं होतो. म्हणून जुन्या रंगाचा शेवटचा खांब अर्धवट ठेवायचा, सुईवर दोन फास असतानाच जुना धागा मागे सोडायचा, नवा सुईवर घेऊन त्या दोघांतून ओढून काढायचा. जुना खांब नव्या रंगाने मिटतो. मिटताना जुन्या धाग्याला हलकेच खाली ताण दिला की दोन रंगांमधली रेघ स्वच्छ येते. सराव झाला की हात हे आपोआप करतात, पण नवख्याला दाखवताना दर वेळी मला स्वतःचाच हात सावकाश करून बघावा लागतो.

आणि रेघ स्वच्छ आली तरी ती सरळ नसते. मुक्या, म्हणजे बुटक्या खांबाची नवी ओळ आदल्या ओळीच्या डोक्यात खुपसलेली असते, त्यामुळे नव्या रंगाची बारीक टोकं खाली उतरतात. ग्रॅनी चौकोनात, म्हणजे मधून सुरू करून फेरीफेरीने वाढवलेल्या चौकोनात, तर तीन-तीन खांबांचे झुपके आदल्या फेरीच्या मोकळ्या जागेत उतरतात आणि दोन रंग दातांत दात घातल्यासारखे अडकतात. म्हणजे क्रोशेत दोन रंग नुसते शेजारी राहत नाहीत, एकमेकांच्या हद्दीत शिरतात. मग शेव्रलच्या नियमाला उलटा फाटा फुटतो. रंगाचे तुकडे मोठे असले तर विरुद्ध रंग एकमेकांना भडकावतात, तेच तुकडे टाक्याएवढे बारीक झाले तर लांबून एकमेकांना विझवतात. एक टाका लाल, एक टाका हिरवा असं विणत गेलं तर हातात असताना ते झगमगतं, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून बघितलं तर नुसतं तपकिरी. गोबलँचे विणकरही धागे मिसळून हाच खेळ करायचे. त्यामुळे रंग निवडताना मी आधी नक्षी ठरवते. मोठे चौकोन असतील तर विरुद्ध रंग बेताने, बारीक टाक्यांची नक्षी असेल तर जवळपासचे रंग, निळा-मोरपंखी-हिरवा असे एका घरातले, म्हणजे मिसळले तरी चिखल होत नाही.

धागा कशाचा आहे यावरही रंगाचं बरंचसं अवलंबून. साधा सुती धागा उजेड पिऊन घेतो, त्याचे रंग थोडे खडूसारखे कोरडे वाटतात. तोच सुती धागा कॉस्टिक सोड्यात ताणून काढला की तंतू फुगून गोल होतात, रंग जास्त शोषतात आणि चमकतात. जॉन मर्सर या इंग्रज माणसाने १८४४ मध्ये सोड्याचा हा तंतू फुगवण्याचा गुण हेरला, म्हणून तसल्या धाग्याला मर्सराइज्ड म्हणतात. मेंढीच्या लोकरीत रंगाला खोली असते. आणि ॲक्रिलिक? त्याला नाकं मुरडणारे खूप. खऱ्या लोकरीची ऊब नाही, गोळे येतात, इस्त्री चुकून जरा जास्त गरम झाली तर ते कायमचं लिबलिबीत होतं. सगळं खरं. पण रंगांच्या बाबतीत त्याच्याइतकं मोकळं मन कुणाचं नाही, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते.

१८५६ मध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा प्रयोगशाळेत हिवतापावरचं क्विनीन बनवायला निघाला होता. क्विनीन झालं नाही, भांड्याच्या तळाला काळा गाळ साचला, आणि तो धुताना जांभळा रंग निघाला. पहिला बाजारात चाललेला कृत्रिम रंग. त्या जातीचे रंग दिसायला भलते तेजस्वी, पण रेशमावर आणि लोकरीवर उन्हात लवकर उडायचे. पुढे १९५० च्या आसपास ॲक्रिलिकचे धागे बाजारात आले आणि लक्षात आलं, की याच जातीचे रंग, लोकरीवर न टिकणारे, ॲक्रिलिकवर मात्र घट्ट बसतात आणि उन्हालाही पुरून उरतात. दुकानात जो राणी रंग लांबून हाका मारतो, तो बहुतेक वेळा ॲक्रिलिकच असतो, त्याचं कारण हे. घरात लहान मुलं, मांजर आणि धुलाईयंत्र असेल तर मी बिनदिक्कत ॲक्रिलिक वापरते. ज्यांना मेंढीचीच लोकर हवी त्यांनी ब्लँकेट स्वतःच्या हातांनी धुवायची तयारी ठेवावी. गरम पाणी आणि घासाघीस मिळाली की तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि पलंगावर पसरलेलं ब्लँकेट पाळण्याच्या मापाचं होऊन बाहेर येतं.

लेबलावर रंगाच्या क्रमांकाखाली एक दुसरा क्रमांक असतो, घाण्याचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा, डाय लॉटचा. रंग तोच, घाणा वेगळा, की छटेत उन्नीस-बीस होतंच. गुंडे हातात धरून कळत नाही, सलग विणलं की ओळ दिसते. एकाच घाण्याचे गुंडे पुरेसे मिळाले नाहीत तर दोन घाणे दोन-दोन ओळींनी आलटून-पालटून विणावेत, म्हणजे सांधा पसरतो आणि डोळा फसतो. मळखाऊ रंग तर नेहमी अंदाजापेक्षा दोन गुंडे जास्त घ्यावा, कारण संपतो तोच. क्रोशे तसंही लोकर फार खातं.

ग्रॅनी चौकोनाची कृती १८८५ साली अमेरिकेत ‘प्रेअरी फार्मर’ या शेतकी नियतकालिकात छापून आली होती. उरल्यासुरल्या धाग्यांचा चौकोन, आणि शेवटची फेरी बहुधा काळी. त्या काळ्या चौकटीचा दिमाख आता जरा जुना वाटतो, पण तिच्यामागे पक्कं व्यवहारज्ञान होतं. उरलेल्या धाग्यांत काय येईल ते सांगता येत नाही, तेव्हा सगळ्यांना एकच गडद कुंपण घाला, म्हणजे कुणी कुणाशी भांडणार नाही आणि काळ्याजवळ प्रत्येकजण उजळही दिसेल. मला स्वतःला काळ्याऐवजी गडद करडा जास्त सोसतो. काळ्यावर टाकेही दिसत नाहीत, रात्री विणताना डोळे फुटतात.

चौकोन मांडायचे कसे, यावर घराघरांत वाद होतात. ‘अगदी कसेही, सहज मांडल्यासारखे’ हवेत, असं सगळेच म्हणतात. तसं खरंच करून बघावं. समजा बारा रंगांचे दहा-दहा, असे १२० चौकोन आहेत, दहा बाय बाराची मांडणी आहे. चिठ्ठ्या टाकून मांडले तर आजूबाजूच्या २१८ जोड्यांपैकी सरासरी सोळा-सतरा जोड्या एकाच रंगाच्या निघतात. कुठे तीन पिवळे एका रांगेत, कुठे निळ्यांची वस्ती. ते बघून कुणीही म्हणेल, ‘अगं, हे काय, नीट मांड की!’ आपल्याला ‘सहज’ म्हणून जे हवं असतं ते भलतंच मोजूनमापून केलेलं असतं. मी चिठ्ठ्या टाकते, मग हलवते, पण दोन-तीन जोड्या मुद्दाम राहू देते. सगळंच सारखं पसरलं की ब्लँकेट छापील दिसतं.

टोकांबद्दल थोडक्यात, कारण विषय अप्रिय आहे. चार रंगांचा एक चौकोन म्हणजे आठ टोकं, असे शंभर चौकोन म्हणजे आठशे. त्यातलं प्रत्येक बोथट सुईत ओवून तीन वेळा दिशा बदलून लपवायचं. रंग कमी करावेसे वाटायला एवढं कारण पुरेसं आहे.

बाळांसाठी म्हणून सगळे फिक्या गुलाबी-पिवळ्या लोकरी आणतात, त्याचंही मला नवल वाटतं. नवजात बाळाला वीत-दीड वीत अंतरापलीकडचं नीट दिसत नाही, आणि जे दिसतं त्यात गडद-फिक्याचा ठळक फरकच काय तो कळतो. फिका गुलाबी आणि फिका पिवळा त्याच्या लेखी एकच. ते रंग पाहुण्यांसाठी असतात. मी काळा-पांढरा-लाल असं विणून देते, आणि देताना सांगते, की झोपेत बाळाच्या अंगावर घालू नका, डॉक्टर पहिल्या वर्षात सैल पांघरुणं नकोच म्हणतात, ते जमिनीवर अंथरा आणि बाळ जागं असताना त्यावर पालथं घाला. विण घट्ट ठेवते, बोटं अडकू नयेत म्हणून.

रंगनिवडीची ही सगळी कटकट ज्यांना नको त्यांच्यासाठी एक तोड निघाली आहे, तापमानाचं ब्लँकेट. रोजच्या तापमानाप्रमाणे रोज एक ओळ, थंडीला निळा, उन्हाला लाल, मधले रंग पायरीपायरीने. वर्षाच्या ३६५ ओळी, मुक्या खांबाची ओळ साधारण अर्ध्या सेंटिमीटरची धरली तर १८० सेंटिमीटरच्या वर लांबी, म्हणजे माणसाला पुरेल. निवड हवामानावर सोडली असं वाटतं खरं, पण पायऱ्या कुठे पाडायच्या हे आपणच ठरवतो. हवा फारशी बदलत नाही अशा ठिकाणी पाच-पाच अंशांच्या पायऱ्या पाडल्या तर चार महिने एकच केशरी विणत बसावं लागेल, तिथे एकेका अंशाला रंग हवा. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञ एली हायवुड यांनी २०१७ मध्ये हाच प्रकार दिवसांऐवजी वर्षांचा केला. एक ओळ म्हणजे साऱ्या पृथ्वीचं एका वर्षाचं सरासरी तापमान. ते ब्लँकेट एका बाळासाठी क्रोशेने विणलेलं होतं. पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठातल्या एड हॉकिन्स यांनी निळ्याकडून लालाकडे जाणारे ते तापमानाचे पट्टे प्रसिद्ध केले, जे आता जगभर ओळखीचे झाले आहेत. पट्ट्यांच्या आधी ब्लँकेट होतं हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. अशा कामात मळखाऊ रंगाला जागा नाही, तिथे प्रत्येक रंगाला आकडा चिकटलेला. त्यामुळे मी अजून त्या वाटेला गेलेले नाही.

राहता राहिली कड. कडेचा रंग आधी ठरवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, पण मी ठरवत नाही. सगळे चौकोन जोडून होईपर्यंत ब्लँकेटला काय हवं आहे ते कळतच नाही. कड चारही बाजूंनी सगळ्या रंगांना भिडते, म्हणजे शेजारी सगळ्यात जास्त तिलाच. तेव्हा डोक्याने विचार करण्यात अर्थ नसतो. प्रत्येक उमेदवार रंगाच्या थोड्याशा लांबीत दोन ओळी विणायच्या, ब्लँकेट खुर्चीच्या पाठीवर टाकायचं, आणि दोन दिवस जाता-येता बघायचं. सकाळी, दुपारी, दिवे लागण्याआधी. नकोसा वाटला की उसवायचा. क्रोशेत उसवणं म्हणजे सुई काढून धागा ओढणं, इतका सरळ व्यवहार.

सध्या खुर्चीवर एक आहे. एका बाजूला गडद करडा, दुसऱ्या बाजूला आमसुली. करड्याने सगळं शांत होतं, जरा जास्तच शांत. आमसुलीने मधले मोरपंखी चौकोन उजळतात, पण संध्याकाळी ती कड नाहीशी होते. माझं मत करड्याकडे झुकतं आहे. परवा भाची आली, तिने खुर्चीभोवती एक चक्कर मारली.

“मावशी, याला पोपटी घाल ना.”

“पोपटी? अगं, डोळ्यांत जाईल तो.”

“बघितलंयस का लावून?”

पोपटीचा एक अर्धा गुंडा घरात होता, कशातून उरला होता देव जाणे. तिसऱ्या बाजूला त्याची सहा इंच कड आता विणून ठेवली आहे.